पस्सद्धी आणि समाधी : विहारातील एका प्रश्नाच्या निमित्ताने

गेल्या वर्षावासात बारामतीच्या एका विहारातील रविवारच्या धम्मवर्गास आम्ही उपस्थित होतो. सकाळी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाले. दुपारी फळ्यावर 'ध्यान' असे लिहून एक कार्यक्रम ठेवण्यात आला होता. औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे तरुण, खुरपणीस जाणाऱ्या भगिनी, दोन-तीन निवृत्त शिक्षक आणि इंदापूर तालुक्यातून एस.टी.ने आलेले काही उपासक-उपासिका अशी पन्नासेक मंडळी होती. मार्गदर्शक म्हणून आलेल्या ताईंनी सर्वांना सतरंजीवर उताणे निजवले, डोळे मिटावयास सांगितले आणि मृदू आवाजात पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेका अवयवाचे नाव घेत तो सैल सोडण्याच्या सूचना दिल्या. पाऊण तासाने घंटा वाजली तेव्हा निम्मी मंडळी गाढ झोपली होती. एक आजोबा तर मोठ्याने घोरत होते. कोणी हसले नाही, हे आम्हांस विशेष वाटले.

चहाच्या वेळी उजनीच्या फुगवट्याकाठच्या एका गावाहून आलेल्या वयस्क उपासिकेने त्या ताईंना विचारले, "ताई, अंग हलकं झालं बगा. लई दिसांनी पाठीची कळ थांबली. पण भगवंतांनी बोधिवृक्षाखाली केलं ते हेच का? ते तर बसले होते, आन् जागे होते." ताई प्रामाणिक होत्या. त्या म्हणाल्या, "मावशी, मी जे शिकले ते शिकवलं. ते भगवंतांचं आहे की नाही, हे तुमच्या बौद्धाचार्यांना विचारा." बौद्धाचार्यांनी आमच्याकडे पाहिले. त्या वेळी आम्ही जे तुटक उत्तर दिले त्याने त्या उपासिकेचे समाधान झाले असेल. आमचे झाले नाही. तो प्रश्न अनेक विहारांत विचारला जाण्याजोगा आहे, म्हणून येथे त्याचा काहीसा विस्ताराने विचार करीत आहोत.

प्रथम त्या दुपारच्या क्रियेचे मूळ पाहू. उताणे निजून सर्व अंग सैल सोडण्याच्या क्रियेस हठयोगात शवासन म्हणतात. हठप्रदीपिकेत तिचा उल्लेख थकवा घालविणारी व चित्तास विश्रांती देणारी क्रिया म्हणून आला आहे. विसाव्या शतकात तिला नवे रूप मिळाले ते अनेक दिशांनी. अमेरिकेत एडमंड जेकबसन या वैद्याने १९२९ साली ग्रंथ लिहून स्नायू आधी ताणावयाचा व मग सोडावयाचा अशी क्रमवार पद्धती मांडली. जर्मनीत योहानेस शुल्त्झ याने १९३२ साली 'हात जड झाला, हात उबदार झाला' अशा स्वसूचनांची पद्धती प्रसिद्ध केली. आपल्याकडे मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी 'योगनिद्रा' नावाने एक क्रम रूढ केला. त्यांचे त्या नावाचे पुस्तक १९७६ सालचे. शरीराच्या एकेका अवयवावर लक्ष फिरविण्याची कल्पना तांत्रिक न्यासविधीवरून घेतली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. न्यासात त्या त्या अवयवावर मंत्राची स्थापना करतात. सत्यानंदांनी मंत्र गाळला आणि अवयवांची नावे ठेवली. आज गावोगावच्या शिबिरांत, कारखान्यांच्या आरोग्य-कार्यक्रमांत आणि शाळांत जे 'शिथिलीकरण' शिकविले जाते ते बहुधा या तीन-चार प्रवाहांचे मिश्रण असते. शिकविणाऱ्यासही आपण नेमके काय मिसळले आहे याची नेहमी कल्पना असतेच असे नाही.

हे सर्व परके म्हणून झिडकारावे काय? येथे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे उदाहरण सांगितले पाहिजे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून आसने व श्वसन यांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली होती. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन करावयास लावले आणि त्याचा वृत्तांत १९६९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. औषध न घेणाऱ्या रुग्णांचा रक्तदाब उतरला. औषध घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मात्रा कमी करता आली. (याचा अर्थ गोळ्या आपल्या मनाने बंद कराव्यात असा नव्हे. ते रुग्ण वैद्यांच्या देखरेखीखाली होते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण शिबिरातून घरी गेल्यावर गोळ्यांची डबी फळीवर ठेवून देणारे आम्ही पाहिले आहेत.) या प्रयोगात एक गोष्ट लक्षणीय आहे. रुग्णांना नुसते सैल पडून राहावयास सांगितले नव्हते. आत येणाऱ्या हवेचा गारवा आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब नाकपुड्यांशी जाणवून घेण्यास सांगितले होते.

आनापानसतीचा अभ्यास केलेला वाचक येथे थबकेल. नाकपुडीशी श्वासाचा स्पर्श जाणणे हा तर आपल्या साधनेचा आरंभ! मग भेद कोठे राहिला? आमच्या मते भेद या प्रयोगातच दिसतो. रुग्णाचा श्वासाकडे पाहण्याचा हेतू रक्तदाब उतरावा हा होता, आणि तो उतरला की नाही हे रक्तदाबमापकातील पाऱ्याने ठरत होते. रुग्णास राग येतो का, कोणाविषयी द्वेष वाटतो का, तृष्णा कमी झाली का, हे कोणी विचारले नाही. विचारण्याचे वैद्यास कारणही नव्हते. एकच क्रिया, पण तिला विचारलेला प्रश्न निराळा.

शरीरात जे घडते ते थोडक्यात असे. धोक्याच्या, घाईच्या वा अपमानाच्या प्रसंगी अनुकंपी चेतासंस्था जागी होते. हृदय जलद चालते, स्नायू ताणले जातात, श्वास वर छातीत राहतो. स्नायू सैल सुटले आणि उच्छ्वास लांबला की परानुकंपी चेतासंस्थेचे काम वाढते आणि हृदयाची गती मंदावते. यात गूढ काही नाही. ज्याचे शरीर दिवसभर ताणलेले असते त्यास याचा लाभ अधिक जाणवतो. बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात हे वेगळे सांगावयास नको. हंगामात बीडकडून आलेली ऊसतोड जोडपी पहाटेच्या अंधारात फडात उतरतात, कोयता चालवितात, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढतात आणि रात्री कोपीत पाठ टेकतात. स्थानिक भगिनी वाकून लागण व खुरपणी करतात. कारखान्यातील तरुणांची पाळी दर आठवड्यास बदलते, म्हणून झोपेची वेळही बदलते. अशा माणसास पाऊण तास निवांत निजावयास मिळणे ही चैन नव्हे. विहारात त्या दिवशी जे घोरत होते ते आळशी नव्हते. त्यांची झोप त्यांना कोणीतरी देणे लागत होते.

हे आम्ही जोर देऊन लिहितो, कारण आपल्यातील काही अभ्यासू मंडळी अशा विश्रांतीस हिणवतात. त्यांनी आळवीच्या शेतकऱ्याची कथा आठवावी. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती आहे. भगवंत त्या शेतकऱ्यासाठी दूरचा प्रवास करून आळवी नगरीस आले. त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो सभेत पोहोचला तेव्हा उपाशी व थकलेला होता. भगवंतांनी देशना सुरू केली नाही. भिक्षुसंघाचे भोजन उरले आहे काय अशी चौकशी करून प्रथम त्यास जेवू घातले, आणि त्याचे शरीर शांत झाल्यावर धम्म सांगितला. भिक्षूंना याचे नवल वाटले तेव्हा भुकेसारखी पीडा नाही, असे त्यांना समजाविले. आमच्या समजुतीप्रमाणे थकव्यासही हा न्याय लागू आहे. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने दिवसभर वाकून आलेल्या बाईस ताठ बसवून श्वास मोजावयास लावणे आणि ती पेंगली की तिच्यात वीर्य नाही असे म्हणणे, हे धम्माचे अज्ञान होय.

तथापि कथेचा उत्तरार्ध विसरून चालणार नाही. जेवण हे जेवण होते आणि देशना ही देशना होती. भोजन झाले म्हणजे धम्म समजला, असे भगवंतांनी त्या शेतकऱ्यास सांगितले नाही.

पालि वाङ्मयात शरीराच्या शांत होण्यास स्वतंत्र शब्द आहे : पस्सद्धी. बोधीच्या सात अंगांत तिची गणना होते. सति, धम्मविचय, विरिय, पीति, पस्सद्धी, समाधी आणि उपेक्खा हा त्यांचा क्रम. पस्सद्धीचे स्थान पाचवे आहे, आणि तिच्या आधी स्मृती, धम्माची पारख, प्रयत्न व प्रीती ही चार येऊन गेलेली आहेत. ही शांती प्रयत्नाच्या मागून येते. शिवाय ती समाधीच्या आधीची पायरी आहे, समाधी नव्हे. आनापानसतीच्या सोळा पायऱ्यांतही चौथी पायरी कायसंखार शांत करण्याची आहे. तिच्यापुढे बारा उरतात. त्या दुपारी विहारात जे साधले ते फार तर या चौथ्या पायरीच्या आसपासचे. तेही झोप लागली नाही अशांच्या बाबतीत.

झोपेचा प्रश्न किरकोळ नाही. धम्मात थीनमिद्ध, म्हणजे चित्ताची व शरीराची सुस्ती, हे पाच नीवरणांपैकी एक आहे. शिथिलीकरणात झोप लागली तर मार्गदर्शक म्हणतो, चांगले झाले. ध्यानात लागली तर ते विघ्न. पण धम्म येथेही कठोर नाही. अंगुत्तर निकायात महामोग्गल्लानांची हकीकत आहे. अर्हत्पदापूर्वी मगधातील एका खेड्यात ते साधना करीत असता डुलक्या घेऊ लागले. भगवंतांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले : ज्या विचाराने सुस्ती येते तो सोडावा, ऐकलेला धम्म मनात घोळवावा, त्याचे पठण करावे, कान ओढून अंग चोळावे, उठून डोळ्यांस पाणी लावून ताऱ्यांकडे पाहावे, प्रकाशाची संज्ञा मनात आणावी, चंक्रमण करावे. आणि हे सर्व करूनही डोळे मिटू लागले तर? तर उजव्या कुशीवर, उठण्याची वेळ मनाशी ठरवून, स्मृतीसह निजावे. विश्रांतीस धम्मात जागा आहे, पण तिला तेथे विश्रांती असेच म्हटले आहे.

आता कोणी म्हणेल की निजून केले म्हणून ते शिथिलीकरण आणि बसून केले म्हणून ते ध्यान. हा भेद टिकत नाही. सतिपट्ठानसुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे या चारही अवस्था स्मृतीच्या क्षेत्रात येतात. उलट, ताठ बसून मनातल्या मनात उद्याच्या बाजारहाटाचा हिशेब करणारे आम्ही पाहिले आहेत. आम्ही स्वतःही तो केला आहे.

अवयवांचा क्रम हाही भेद नव्हे. सयाजी ऊ बा खिन यांच्या परंपरेत डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावरील संवेदना पाहतात. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली मुंबईत पहिले शिबिर घेऊन ही पद्धती भारतात आणली. १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी तिचे केंद्र झाले. याच परंपरेचा संस्कार घेऊन अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात दुखणेकरी लोकांसाठी एक क्रम सुरू केला, आणि त्यात उताणे निजून पाऊण तास सर्व शरीरावर लक्ष फिरविण्याची क्रिया ठेवली. बाहेरून पाहणाऱ्यास ती आणि बारामतीची क्रिया एकच वाटेल. पण तेथे 'अवयव सैल सोडा' हा गाभा नसतो. जे असेल ते, दुखत असेल तर दुखणे, जाणून घ्यावयाचे असते. शिथिलीकरणात गुडघा दुखला तर तो दुखणे थांबावे म्हणून उशी घ्यावयाची. सतिपट्ठानात त्या दुखण्यास वेदना म्हणून ओळखावयाचे, त्याच्या मागोमाग येणारी चीड ओळखावयाची आणि चीड कशी वाढते, कशी ओसरते हे पाहावयाचे. दुखण्याच्या आणि चिडीच्या मध्ये जी जागा असते ती सापडणे, हे तेथील काम आहे. शिथिलीकरण त्या जागेपर्यंत जात नाही, कारण दुःख दिसताच त्यास ते दूर करावयाचे असते.

दुसरा भेद आवाजाचा. शिथिलीकरणात मनुष्य आपले लक्ष मार्गदर्शकाच्या स्वाधीन करतो. आवाज सांगेल तेथे जावयाचे. आवाज थांबला की क्रिया संपली. येथे आपल्याला आपली बाजूही तपासली पाहिजे. विपश्यना शिबिरातही ध्वनिमुद्रित सूचना असतातच, आणि विहारातील ध्यानवर्गात बौद्धाचार्य बोलत असतात. मग तेही सूचनेवर चालणारेच नव्हे काय? काही अंशी होय. फरक इतकाच की तेथे सूचनांमधील मौन वाढत जावे आणि साधकाने ते काम घरी, सूचनेशिवाय, स्वतः करावे अशी अपेक्षा असते. अत्तदीप होण्याचा उपदेश करणाऱ्या धम्मात जो आवाज वर्षानुवर्षे लागतो तो कुबडी ठरतो. ज्यांना दर रात्री मोबाइलवर ध्वनिफीत लावल्यावाचून डोळे मिटता येत नाहीत, त्यांनी ती अवश्य लावावी. आम्हांस त्यात दोष दिसत नाही. त्यास भावना म्हणू नये, एवढेच.

तिसरा भेद आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो बाबासाहेबांनी दाखविला आहे. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अष्टांगिक मार्गाचे विवेचन करताना त्यांनी समाधी आणि सम्मा समाधी यांत स्पष्ट रेषा ओढली आहे. नुसती समाधी म्हणजे चित्ताची एकाग्रता. तिने नीवरणे दबतात, पण तेवढ्या काळापुरती. ध्यानातून उठताच ती परत येतात. मनास कायमचे वळण लागावयास हवे, आणि ते सम्मा समाधीने लागते, कारण तिच्यात मनाला कुशल कर्माचा विचार करण्याची सवय लागते. हे त्यांच्या विवेचनाचे आमच्या शब्दांतील सार होय. जी कसोटी त्यांनी ध्यानाच्या उच्च अवस्थांस लावली ती शिथिलीकरणास लावण्यास काय हरकत आहे? पाऊण तास अंग हलके होते. संध्याकाळी घरी पाणी आले नाही म्हणून सुनेवर ओरडणे तसेच राहते. ते राहते म्हणून विश्रांती वाईट ठरत नाही. पण ते राहते हे ठाऊक असले पाहिजे.

याच ठिकाणी आपल्या चळवळीतील जुनी शंकाही विचारात घ्यावी लागते. ध्यानधारणेने माणसे शांत होतात, आणि शांत झालेली माणसे अन्याय सोसू लागतात, असे अनेक कार्यकर्ते म्हणतात. ही शंका आम्ही उडवून लावीत नाही. थकवा हा अनेकदा अन्यायाचाच परिणाम असतो, आणि त्यावर केवळ शवासन सांगणे म्हणजे दुखण्याच्या कारणास हात न लावणे होय. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळातील प्रयत्नांतून १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचे तास आठवड्यास ५४ वरून ४८ वर आले. कामगाराच्या शरीरास विश्रांती मिळावी म्हणून त्यांनी कायदा बदलण्याचे काम केले. ऊसतोडीच्या फडात त्या तासांचा हिशेब आजही कोणी ठेवीत नाही. म्हणून जेथे मालक वा व्यवस्थापन कामगारांसाठी शिथिलीकरणाचे वर्ग भरविते, तेथे कामगारांनी वर्गास जावे आणि पाळीचे वेळापत्रकही मागावे. उलट सम्मा समाधीविषयी ही शंका आम्हांस तितकीशी लागू वाटत नाही. जो आपली चीड ओळखू शकतो तो ती योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत मांडू शकतो. जो ती झोपेत बुडवितो त्यास ते अवघड जाते.

बारामतीच्या त्या वर्गानंतर बौद्धाचार्यांशी व त्या ताईंशी आमचे बोलणे झाले. ताईंना वर्गास येऊ नका असे सांगावे, असे एका कार्यकर्त्याचे मत होते; ते कोणी मानले नाही. ठरले ते असे. दुपारी प्रथम वीस मिनिटे ताईंनी शिथिलीकरण घ्यावे; ज्यास झोप लागेल त्यास झोपू द्यावे. नंतर चहा. नंतर जे जागे असतील त्यांनी पंधरा मिनिटे बसावे, पाठ ताठ ठेवण्याची सक्ती नको, भिंतीस टेकले तरी चालेल. सूचना आरंभी एकदाच द्याव्यात आणि मग मौन असावे. कोणास डोळे मिटल्यावर भीती वाटली वा जुने काही आठवून गुदमरल्यासारखे झाले तर त्याने डोळे उघडावेत, बाहेर येऊन चालावे आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे जावे. हे आधीच सांगावे. आनापानसतीबरोबर मैत्रीभावनाही घ्यावी. पुण्यात १९७९ पासून काम करणाऱ्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने, ज्याचे नाव पुढे त्रिरत्न बौद्ध महासंघ झाले, भाजे लेण्यांजवळील आपल्या शिबिरांत या दोन्ही भावना आपल्या लोकांना वर्षानुवर्षे शिकविल्या आहेत. तो अनुभव जवळच उपलब्ध आहे. आणि फळ्यावर दोन कार्यक्रमांची दोन नावे लिहावीत : 'विसावा' आणि 'ध्यान'.

आश्विन पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी आम्ही इंदापूर तालुक्यातील त्या उपासिकेच्या गावी गेलो होतो. तेथील लहान विहारातही फळ्यावर ती दोन नावे होती. विसाव्यात त्या झोपल्या, आणि चहानंतर भिंतीस टेकून पंधरा मिनिटे बसल्या. मागून आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "श्वास कुठला दिसतोय! परवा ज्या मालकानं हजेरी कापली त्याचं तोंडच डोळ्यांम्होरं. मग छातीत धडधडाया लागलं ते कळलं. आधी कधी कळलं नव्हतं, नुसती तोंडातनं शिवी जायची." थोडे थांबून त्यांनी विचारले, "ते तोंड जाईना, तर काय करायचं?" बौद्धाचार्य म्हणाले, "घालवू नका, मावशी. पुढल्या रविवारी मैत्रीभावनेत त्याच्याकडं बघू. आणि हजेरीचं काय ते सोमवारी आपण चार जण जाऊन बोलू." त्यांनी वहीत दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या.